ओटोब्रे, बुर्डा की खाकी कागद?

मुलांचे कपडे घरी शिवायचे ठरवलं की खरी अडचण मशीनची नसते, बेतायचं कशावरून ही असते. आपल्याकडे शिवणक्लासची वही असते: छाती, उंची, खांदा मोजा, छातीचा चौथा भाग काढा आणि खाकी कागदावर आखणी करा. युरोपात घरी शिवणाऱ्यांच्या हाताशी मासिकं असतात. एने बुर्डा यांनी जर्मनीत १९५० साली मासिक काढलं आणि १९५२ पासून त्यात पूर्ण मापाच्या पॅटर्नचे, म्हणजे कपडा बेतायच्या तयार आखणीचे, कागद यायला लागले. फिनलंडचं ओटोब्रे त्या मानाने बरंच नवं, पण मुलांच्या कपड्यांसाठी त्याचं नाव मोठं.

दोन्हींचा कागद उघडल्यावर पहिल्यांदा डोळे फिरतात. एकाच कागदावर कितीतरी कपड्यांच्या रेषा एकमेकींवरून गेलेल्या, लाल, निळ्या, हिरव्या, काळ्या. आपल्या मापाची रेषा आधी हायलायटरने कोपऱ्याकोपऱ्यात खुणावून घ्या, मग वर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवा. मूळ कागद कापायचा नाही. पोरगं वाढलं की पुढचं माप त्याच कागदावरून निघतं. आणि मुख्य म्हणजे, दोन्हीकडे शिलाईची माया बहुतेक धरलेली नसते. ओटोब्रेला साधारण १ सेंमी, बुर्डाला दीड सेंमी, ती आपणच सोडायची. क्लासच्या सवयीने हात लगेच रेषेवरच कात्री चालवतो, म्हणून आधी सांगितलं.

मग फरक कुठे? बुर्डा मुळात बायकांचं मासिक, मुलांचे कपडे त्यात तोंडी लावण्यापुरते. स्वतःसाठी शिवता शिवता लेकीला एखादा फ्रॉक, एवढंच असेल तर चालेल. त्यातल्या कृती मात्र फार त्रोटक. कॉलर किंवा चेन लावायला बसलात की आधी येत असलेलंच बरं. ओटोब्रेचे मुलांचे अंक वेगळे निघतात आणि मापं ५० पासून १७० पर्यंत, म्हणजे तान्ह्या बाळापासून कॉलेजच्या उंबरठ्यावरच्या पोरापर्यंत. फोटो पाहत टप्प्याटप्प्याने शिकण्याची सोय त्यातही नाही, पण आकृत्या नीटस आहेत.

ओटोब्रे घेण्याआधी कापडाचा विचार करा. त्यातले बरेच कपडे होजिअरीचे असतात: टीशर्ट, लेगिंग, बाळाचे अंगाला बसणारे कपडे. ते कापडाच्या ताणावर बेतलेले असतात, सैलपणा जवळजवळ नसतोच. तोच पॅटर्न न ताणणाऱ्या सुती कापडावर घातलात तर डोकं आत जाणार नाही. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ५० सेंमी असतो. गळपट्टी शिवून झाल्यावर गळा तेवढा ताणला गेला पाहिजे. पट्टी गळ्यापेक्षा थोडी आखूड कापून ताणून लावतात, ती गळ्याएवढीच कापली तर गळा लोंबतो. बॉलपॉइंटची, म्हणजे गोलसर टोकाची सुई हवी, झिगझॅग टीप हवी, कडा गुंफणारं ओव्हरलॉक मशीन असेल तर उत्तमच. होजिअरी कापायच्या आधी धुवून घ्या, ती आटते. घरात फक्त सरळ टिपेचं जुनं काळं मशीन असेल, तर यातले अर्धे पॅटर्न तुमच्या उपयोगाचे नाहीत.

माप उंचीवरून धरतात, वयावरून नाही. १०४ म्हणजे १०४ सेंमी उंचीचं मूल, साधारण चार वर्षांचं. आपली मुलं बऱ्याचदा अंगाने किरकोळ असतात, तेव्हा रुंदी छातीच्या मापाने घ्या आणि लांबी उंचीच्या रेषेवरून. सगळी मापं एकात एक आखलेली असल्याने हे सोपं जातं. क्लासच्या आखणीत मात्र हा प्रश्नच येत नाही, तिथे माप तुमच्याच मुलाचं.

म्हणूनच खाकी कागदाला कमी लेखू नका. परकराला तर पॅटर्नच लागत नाही: सरळ पट्टा, चुण्या, वर नेफा. पोलकं, झबलं, मागे बटणपट्टीचा सुती फ्रॉक, हे सगळं वहीवरून उत्तम होतं. वही अडते ती हुडीपाशी, खिशांच्या कार्गोपाशी, बाळाच्या तंगड्यांमध्ये टिचबटणं लागणाऱ्या कपड्यांपाशी. तिथला मुंढा आणि बाही वहीतल्या सूत्राने बसवताना डोकं पिकतं.

दिवाळीला एक परकर-पोलकं आणि वाढदिवसाला एक फ्रॉक एवढंच शिवत असाल तर दोन्ही मासिकांवर पैसे घालवू नका. मूल दहाच्या आतलं, मशीन आठवड्याला चालतं आणि होजिअरी मिळायची सोय आहे, तर माझं मत सरळ ओटोब्रेला. पैसे वाचतील म्हणून मात्र घेऊ नका. कापड, रिब (गळपट्टीचं ताणणारं कापड) आणि टपालखर्च धरला तर बाजारातला टीशर्ट स्वस्त पडतो.

पहिला अंक उन्हाळ्याचा मागवा. हिवाळ्याच्या अंकातले जाड अस्तराचे कोट हेलसिंकीच्या बर्फासाठी बेतलेले असतात. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींनी तो खुशाल घ्यावा, ठाण्यात तो कपाटातच राहील. जुने अंक मिळाले तरी हरकत नाही, फक्त आतले पॅटर्नचे कागद सगळे शाबूत आहेत ना, ते विकणाऱ्याला आधी विचारा.