टाकीवर चढणारा क्रॉलर: एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर

"परांचीचा खर्च वाचतो का?" चेंबूर-माहुल पट्ट्यातला जो मेंटेनन्सवाला भेटतो तो पहिला प्रश्न हाच विचारतो. वाचतो. पण तेवढ्यासाठीच क्रॉलर, म्हणजे टाकीच्या भिंतीवर चढून जाडी मोजणारा रोबो, घेणार असाल तर थोडं थांबा, कारण या यंत्राची खरी किंमत वेगळ्याच ठिकाणी आहे.

आमची तपासणीची छोटी एजन्सी आहे. तेलाच्या आणि रसायनांच्या टाक्यांची जाडी मोजणं हे रोजचं काम. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर चुंबकी चाकांचा, अल्ट्रासॉनिक प्रोब (आवाजाच्या लहरींनी जाडी मोजणारा सेन्सर) लावलेला क्रॉलर घेतला. तेव्हापासून तो माहुल, वडाळा, शिवडी असा फिरतोच आहे. या पट्ट्यात टाक्या काही कमी नाहीत. १९५४-५५ मध्ये इथे दोन रिफायनऱ्या सुरू झाल्या, त्यांच्या आसपास साठवणीची टर्मिनल्स वाढली, आणि या सगळ्या लोखंडाला खाडीची खारी हवा बारा महिने लागते.

आधी एक हिशेब मांडतो. ४० मीटर व्यासाची, १४ मीटर उंचीची टाकी घ्या. तिच्या भिंतीचं क्षेत्रफळ साधारण १,७६० चौरस मीटर. जुन्या पद्धतीनं आपण आठ उभ्या रेषा धरतो, सात कोर्स (प्लेटांचे आडवे थर), प्रत्येक कोर्सवर तीन पॉइंट. झाले १६८ पॉइंट. प्रोबचं तोंड १० मिमीचं, म्हणजे प्रत्येक पॉइंटला एक चौरस सेंटिमीटरसुद्धा झाकला जात नाही. सगळे मिळून सुमारे १३२ चौरस सेंटिमीटर. एका ए-फोर कागदाचा जेमतेम पाचवा हिस्सा पाहायचा आणि त्यावरून १,७६० चौरस मीटरच्या भिंतीची तब्येत सांगायची, असं हे काम वर्षानुवर्षं चाललं आहे. वरच्या कोर्सना तर परांची जिथे बांधली तिथेच पॉइंट पडतो. गंज कुठे असेल हे परांचीवाल्याला विचारून ठरत नाही.

क्रॉलर पॉइंट घेत नाही, रेघ घेतो. दर मिलिमीटरला एक आकडा लावला तर १४ मीटरच्या एका चढाईत १४,००० आकडे हातात येतात. एपीआय ६५३ (टाक्यांच्या तपासणीचं अमेरिकन मानक) मध्ये गंजलेल्या पट्ट्याची जाडी ठरवायची पद्धत पाहिलीत तर हे किती मोलाचं आहे ते कळेल. तिथे ठरावीक लांबीच्या उभ्या रेघेवरची सरासरी मागितली आहे, आणि ती लांबी जास्तीत जास्त ४० इंच. सुट्या खड्ड्यांसाठी, ८ इंच उभ्या लांबीत खड्ड्यांच्या मापांची बेरीज २ इंचांपेक्षा जास्त नको, असा नियम आहे. हे सगळं रेघेचं गणित आहे. तीन-तीन पॉइंटांवर ते नीट बसत नाही, आपण बसवत होतो. पहिल्या मोठ्या टाकीचा सी-स्कॅन, म्हणजे जाडीचा रंगीत नकाशा, स्क्रीनवर उमटला तेव्हा दुसऱ्या कोर्सच्या आडव्या जोडाच्या वर हातभर रुंदीचा झिजलेला पट्टा स्पष्ट दिसला. मागच्या दोन्ही रिपोर्टांत तिथे काहीच नव्हतं, कारण तिथे कुणी प्रोब टेकवलाच नव्हता. या एका गोष्टीसाठी मी या यंत्राच्या बाजूनं कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

आता स्क्रीनवरच्या रंगांबद्दल. हिरवं म्हणजे ठीक आणि लाल म्हणजे गेलं, इतकं सोपं ते नाही. एका टाकीवर तळच्या २० मिमीच्या कोर्सात अचानक ९.८ मिमीचा लाल डाग आला, चांगला वीतभर. मशीन चालवणारा पोरगा दचकला. "काका, इथे निम्मी प्लेट गेली." आमचे यूटीचे (अल्ट्रासॉनिक टेस्टिंगचे) काका जवळ आले, त्यांनी डागावर कर्सर ठेवला आणि मागचा ए-स्कॅन, म्हणजे परत आलेल्या आवाजाचा (इकोचा) आलेख, उघडला. इको उभा, स्वच्छ, उंच. कर्सर डावीकडे नेला, उजवीकडे नेला, इको जागचा हलेना. "गेली नाही रे. गंज असता तर इको असा ताठ उभा राहिला असता का? फाटका दिसला असता, मागेपुढे झाला असता. हे प्लेटच्या पोटातलं लॅमिनेशन आहे, आतल्या आत पडलेली सपाट फट, कारखान्यातूनच आलेली." मग हातानं झिरो डिग्री प्रोब (सरळ आत आवाज सोडणारा) फिरवून त्याची हद्द खडूनं आखली, आणि ते कुठे पृष्ठभागाकडे चढतंय का हे तिरका आवाज सोडणाऱ्या अँगल प्रोबनं पाहिलं. नव्हतं चढत. नुसत्या रंगावर रिपोर्ट गेला असता तर एक धडधाकट प्लेट कापली गेली असती.

याच्या उलटही होतं आणि ते जास्त धोक्याचं. टाकीला दिलेल्या रंगाच्या थरावरून मोजताना सिंगल इको (पहिल्या एकाच इकोवरून जाडी) लावला तर त्या रंगाची जाडीही आकड्यात मिसळते. रंगात आवाज स्टीलपेक्षा बराच हळू जातो, त्यामुळे ०.३ मिमी रंग असेल तर आकडा सुमारे ०.७ मिमीनं फुगतो. म्हणून इको-टू-इको (लागोपाठच्या दोन इकोंमधल्या अंतरावरून जाडी) लावायचा. पण इको-टू-इकोला दोन स्वच्छ इको लागतात, आणि आतली बाजू खड्ड्या-खड्ड्यांची असेल तर दुसरा इको विखरून जातो. म्हणजे जिथे गंज सगळ्यात वाईट, नेमकी तिथेच स्कॅनमध्ये पांढरी, रिकामी जागा येते. वेल्डच्या शिवणीवरही तसंच. दोन-तीन मिलिमीटरच्या उंचवट्यावर प्रोब उचलला जातो, कपलिंग (प्रोब आणि भिंत यांच्यातली पाण्याची जोड) सुटतं आणि शिवणीच्या दोन्ही अंगांना कोरी पट्टी राहते. आम्ही आता रिकाम्या जागांची वेगळी यादी करतो आणि त्या हातानं तपासल्याशिवाय रिपोर्टवर सही होत नाही. हे काम वेळखाऊ आहे. दरपत्रकात ते धरा, नाहीतर मग ते कुणीच करत नाही.

पकडीबद्दल लोकांना फार भीती वाटते. चाकांत कायमचे निओडिमियम चुंबक आहेत, त्यामुळे वीज गेली, केबल निसटली, तरी यंत्र भिंतीला धरून राहतं. तिथे काळजी नाही. काळजी रंगाची आहे. चुंबक ओढतो भिंतीकडे आणि वजन ओढतं खाली. यंत्र तोलून धरतं ते टायर आणि रंग यांच्यातलं घर्षण. रंगाचे थर चढत गेले की चुंबक आणि लोखंड यांच्यातलं अंतर वाढतं आणि ओढ झपाट्यानं कमी होते. रंगाला पोपडे आले असतील तर टायर रंगाला धरून असतो, पण रंगच भिंतीला धरून नसतो. शिवडीच्या बाजूच्या एका जुन्या टाकीवर नेमकं हेच झालं. तळहाताएवढा पोपडा चाकाखालून सुटला, यंत्र फिरलं आणि वरच्या कठड्याला बांधलेल्या फॉल अरेस्टरच्या (पडणारं यंत्र अडवणाऱ्या साधनाच्या) दोरावर लटकलं. खाली माणूस नव्हता, कारण आम्ही खालची जागा दोरी लावून बंद करतोच. तेव्हा ही दोरी आणि वरचा अरेस्टर यांत काटकसर नको, आणि ज्या रेघेवरून यंत्र जाणार तिथले पोपडे आधी खरवडून घ्या.

चाकांना गंजाची आणि लोखंडाची भुकटी चिकटते. फडक्यानं ती नुसती इकडून तिकडे होते. चिकटपट्टी चाकावर दाबून ओढली की स्वच्छ निघते. प्रत्येक उतराईनंतर हे करायचं म्हणजे करायचं. यंत्र भिंतीला लावताना आणि काढताना दोन माणसं हवीत, बोटं चाकाखाली सापडली तर गंभीर इजा होते. ज्याला पेसमेकर आहे त्याला या यंत्राच्या जवळ उभं करू नका.

उन्हाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. मे महिन्यात दुपारी पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. ६० अंशांच्या आसपास तापलेली असते, आणि कॅलिब्रेशन ब्लॉक (मोजमाप जुळवायचा, माहीत जाडीचा स्टीलचा ठोकळा) मात्र गाडीत, सावलीत. स्टील तापलं की त्यातला आवाजाचा वेग कमी होतो, साधारण ५५ अंशांना एक टक्का. मग ब्लॉक ३२ अंशांवर आणि भिंत ६० वर असेल तर २० मिमीच्या प्लेटवर आकडा ०.१ मिमीनं जास्त येतो. फार नाही, असं वाटेल. पण वर्षाला ०.१ मिमी गंज धरून उरलेलं आयुष्य काढणार असाल तर एक आख्खं वर्ष त्यात गायब झालं. आम्ही ब्लॉक सुतळीनं टाकीच्या त्याच बाजूला बांधून ठेवतो आणि अर्ध्या तासानं कॅलिब्रेट करतो. शक्य असेल तर पश्चिम बाजू सकाळी आणि पूर्व बाजू दुपारनंतर.

पावसाळ्यात मुंबईत हे यंत्र फारसं चालत नाही. यंत्र पाणी सहन करतं, कपलिंगला तर पाणीच लागतं. पण ओल्या रंगावर टायर सरकतो आणि एनकोडर (चाक किती फिरलं ते मोजणारा भाग) चुकीचं अंतर सांगतो. वरच्या कोर्सला पोचेपर्यंत फरक चांगलाच जाणवतो. म्हणून आम्ही प्रत्येक आडव्या शिवणीवर अंतर पुन्हा शून्याला जुळवून घेतो. शिवण कुठे आहे हे ड्रॉइंगवर असतंच. शिवाय टाकीवर चढून अरेस्टर बांधायला माणूस लागतो, आणि पाऊस-वारा असताना उंचीवरच्या कामाचं परमिट मिळत नाही, मिळूही नये. खाऱ्या दमट हवेनं केबलचे कनेक्टर हिरवे पडले ते वेगळंच. आता रोज संध्याकाळी गोड्या पाण्यानं पुसून, सुकवून, सिलिका जेलच्या पेटीत ठेवतो. खरं वजन त्या केबलचंच आहे. यंत्र वर गेलं की वायर आणि पाण्याची नळी, दोन्हींचं ओझं त्याच्या शेपटीला येतं. केबल वरून कप्पीनं धरली तर यंत्र सरळ चालतं, नाहीतर एका अंगाला झुकत जातं आणि रेघ तिरकी होते.

परमिटचा विषय आधीच मिटवा. बहुतेक क्रॉलर फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरचा वायू पेटवणार नाही असे) नसतात. तेलाच्या टाकीजवळच्या धोक्याच्या झोनमध्ये लागणाऱ्या विजेच्या उपकरणांना नागपूरच्या पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारी संस्था) मान्यता लागते, ती या यंत्राला नसेल तर हॉट वर्क परमिट (ठिणगी पडू शकणाऱ्या कामाची परवानगी), गॅस टेस्ट, सतत चालू एलईएल मीटर (हवेतला ज्वलनशील वायू मोजणारा), फायर वॉच (आगीवर नजर ठेवणारा माणूस) हे सगळं आलं. सेफ्टी ऑफिसरशी हुज्जत घालू नका, त्यांचं बरोबर आहे. "रोबो आहे, माणूस वर नाही, मग परमिट कशाला" हा युक्तिवाद मी साइटवर ऐकला आहे आणि तो ऐकून मला राग येतो. ठिणगी यंत्राचीही पडते.

चालत नाही अशी ठिकाणं: ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसच्या टाक्या, चुंबक धरत नाही. इन्सुलेशन आणि ॲल्युमिनियमचं क्लॅडिंग असलेल्या गरम टाक्या, तेच कारण. काँक्रीटची धुरांडी. टाकीचा तळ, त्याला वेगळा एमएफएल स्कॅनर (चुंबकी क्षेत्राच्या गळतीवरून गंज शोधणारा) लागतो. एलपीजीच्या गोल टाक्यांवर मात्र वरच्या अर्ध्या भागात फार छान चालतो, कारण गोलाला परांची बांधणं हेच एक मोठं काम असतं. खालच्या अर्ध्यात यंत्र उलटं लटकतं, कपलिंगचं पाणी प्रोबखालून गळून जातं आणि वेग निम्म्याहून कमी करावा लागतो.

माणसांचं काय, हेही लोक विचारतात. आमच्याकडे दोरावरून लटकून जाडी घेणारा विक्रोळीचा एक मुलगा होता, आज जॉयस्टिक त्याच्याच हातात आहे. भिंतीवर कुठे नोझल (पाइप जोडायचं तोंड) आहे, जिना कुठे आडवा येतो, वाऱ्यानं दोर कुठे घासतो, हे त्याला अंगानं माहीत आहे. बाहेरून ऑपरेटर आणला तर हे शिकवायला वर्ष जातं. त्याच्या आईनं मला फोन करून विचारलं होतं, आता वर चढायचं नाही ना त्याला? अरेस्टर बांधायला चढावं लागतं, ते मी खरं सांगितलं. पण १४ मीटरवर दिवसभर लटकणं संपलं, हेही सांगितलं.

विकत घ्यायच्या आधी तुमच्याच एखाद्या टाकीवर भाड्यानं चालवून बघा, तीही रंग खराब झालेली निवडा. चकचकीत टाकीवर सगळीच यंत्रं छान चालतात. डेमोत तीन गोष्टी मागा. प्रत्येक आकड्यामागचा ए-स्कॅन साठवला जातो का आणि तो तुम्हाला तुमच्या संगणकावर उघडता येतो का. सॉफ्टवेअर रिकाम्या जागा शेजारच्या रंगानं भरून टाकतं का. भरत असेल तर ते बंद कसं करायचं ते तिथल्या तिथे दाखवायला सांगा. आणि केबल, टायर, प्रोबचे सुटे भाग भारतात कुठे मिळतात, किती दिवसांत. आमचा प्रोब होल्डर ऐन शटडाऊनमध्ये तुटला तेव्हा परदेशातून भाग यायला आठवडे लागले, आणि तोवर काकांनी जुनी परांची बांधून हातानंच पॉइंट घेतले. सेवा देणारी एजन्सी बोलावत असाल तर ऑर्डरमध्येच लिहा की कच्चे ए-स्कॅन आणि रिकाम्या जागांची यादी रिपोर्टसोबत हवी. नुसत्या रंगीत चित्राचा रिपोर्ट स्वीकारू नका.