रोजच्या जागांचे फोटो काढायचेत: लेन्स ३५ घ्यावी की ५०?

आपली चाळ, आपली मंडई, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, एसटी स्टँड. विषय ठरलाय, आता एकच फिक्स लेन्स, म्हणजे झूम न होणारी, घ्यायची आहे. मग गाडी हटकून ३५ एमएम आणि ५० एमएम या दोन आकड्यांपाशी अडते. हे आकडे लेन्सच्या फोकल लेंथचे: आकडा मोठा, तितकं दृश्य अरुंद.

आधी एक खुलासा. हे आकडे फुल फ्रेम कॅमेऱ्याचे, म्हणजे ज्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा असतो त्याचे. तुमचा सेन्सर त्याहून लहान, एपीएस-सी असेल तर लेन्सवरच्या आकड्याची दीडपट करा, कॅननवर १.६ पट. म्हणजे सगळ्यात स्वस्त मिळते म्हणून घेतलेली ५० एमएम त्या कॅमेऱ्यावर ७५-८० सारखी वागते आणि घरात फोटो काढताना पाठ भिंतीला लागते. एपीएस-सीवाल्यांनी पुढे ३५ म्हटलं की २३-२४ समजावं, ५० म्हटलं की ३५.

आता मुख्य फरक. आडव्या फ्रेममध्ये ३५ ला, तुम्ही विषयापासून जितके लांब, साधारण तितकीच रुंदी दिसते. ५० ला त्याच्या पाऊणपटीहूनही थोडी कमी. दहा बाय दहाच्या खोलीत एका भिंतीला टेकून उभे राहा. ३५ मध्ये समोरची अख्खी भिंत येईल: देव्हारा, कालनिर्णय, मिक्सर, खुंटीवरची छत्री. ५० मध्ये सातेक फूट. छत्री ठेवायची की देव्हारा, हे तुम्हालाच ठरवावं लागणार.

हे ठरवावं लागणं हीच ५० ची खरी किंमत. नेहमीच्या जागेत आपल्याला काही दिसत नाही, कारण सगळंच एकदम दिसत असतं. ५० त्यातलं बरंचसं कापून टाकते आणि उरलेल्याकडे नीट बघायला लावते. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी बहुतेक काम ५० वरच केलं. सॉल लायटर तर न्यूयॉर्कमध्ये राहत्या वस्तीच्या आसपास याहूनही लांब पल्ल्याच्या लेन्स वापरत. ओल्या काचा, छत्र्या, दुकानांच्या पाट्या एवढ्यावर त्यांनी रंगीत छायाचित्रणात मोठं काम उभं केलं.

पण हे सगळं मोकळी जागा मिळाली तर. दादरच्या फुलबाजारात सकाळी ५० लावून पाहा. तुम्ही आणि झेंडूचा ढीग यांच्यामध्ये जेवढं अंतर सोडाल, तेवढ्यातून कुणाची तरी पाटी, कुणाचा तरी खांदा जाणारच. ३५ घेऊन ढिगाला खेटूनच उभं राहावं, मध्ये यायला कुणाला जागाच उरत नाही. शिवाय फूलवाली, गिऱ्हाईक आणि मागची गर्दी, तिघं एकाच चौकटीत येतात. पुण्याच्या महात्मा फुले मंडईत मात्र माझा कौल विभागलेला आहे. १८८६ च्या त्या दगडी इमारतीसकट गाळा हवा असेल तर ३५. नुसता तराजू आणि तो धरणारा हात हवा असेल तर ५०.

मागचं धूसर करण्याच्या हौसेपायी ५० घेऊ नका. दोन्हींचं अॅपर्चर (उजेड आत घेणारं लेन्सचं भोक) एफ १.८ असलं, तरी त्याच अंतरावरून ५० जास्त धूसर करते, हे खरं. पण विषय जागा असेल तर जागाच पुसून काय मिळवलं? पिवळ्या धुरळ्यात दादर दिसत नाही. कमी उजेडात हात हलण्याच्या बाबतीत ३५ किंचित सोपी, पण तेवढ्यावरून ठरवण्यासारखं त्यात काही नाही.

पैसे टाकण्याआधी किट लेन्सवर, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या झूम लेन्सवर, प्रयोग करा. एपीएस-सीवर १८-५५ असेल तर झूमची रिंग २४ वर (म्हणजे आपली ३५) आणून चिकटपट्टी लावा, काही दिवस तशीच वापरा, मग ३५ वर (म्हणजे आपली ५०). कॅमेराच नसेल तर फोनही चालेल: बहुतेक फोनची मुख्य लेन्स फुल फ्रेमच्या हिशोबात २४-२६ च्या आसपास असते, दुप्पट झूम केलं की ५० चा अंदाज येतो. मग फोटो समोर ठेवून बघा. पहिल्या गठ्ठ्यातले फोटो सारखे कडांनी कापावेसे वाटले तर ५०. दुसऱ्या वेळी सारखं मागे सरकावं लागलं असेल तर ३५.

तरीही निर्णय होत नसेल तर माझं मत ३५ ला. आपली घरं, गल्ल्या आणि लोकलचे डबे अरुंदच आहेत. अपवाद एकच: अनोळखी माणसाच्या तीन फुटांवर जाऊन 'मावशी, एक फोटो काढू का?' म्हणायला जीव कचरत असेल, तर ५० घ्या. ३५ लांबून वापरली की फोटोत नुसता रस्ताच येतो.