उसाच्या ट्रॉलीची रिफ्लेक्टिव्ह पट्टी: कोणती घ्यावी, कुठे वाया जाते

गाळप हंगामात सांगली, सोलापूर, कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चालतात. कारखान्यावर तासन्‌तास नंबर लावून दमलेला चालक कडेला थांबून डुलकी घेतो आणि बॅटरी उतरू नये म्हणून दिवे बंद ठेवतो. ताशी ८० किलोमीटर वेगातली मोटार सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. डिपरवर अंधारातली ट्रॉली जेमतेम ४०-५० मीटरवर दिसते. ती दिसल्यापासून ब्रेक लागून गाडी उभी राहायला कोरड्या रस्त्यावरसुद्धा ७० मीटरच्या आसपास लागतात. बॅटरी नसतानाही हे अंतर भरून काढणारी स्वस्त वस्तू म्हणजे ही पट्टी, म्हणून तिची निवड नीट व्हायला हवी.

बाजारात दोन जाती आहेत. एक काचमण्यांची: गुळगुळीत, पातळ, स्वस्त. ती घेऊ नका. ती जवळून चमकते, पण लांबून फिकी पडते. दुसरी प्रिझमची: पृष्ठभागावर चौकटींची किंवा मधाच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते, प्रकाश थेट दिव्याच्या दिशेने परत जातो आणि बराच लांबून दिसतो. थ्रीएम, ॲव्हरी डेनिसन, ओराफोल यांची याच प्रकारातली पट्टी मिळते. ‘एआयएस-०९०’ (वाहनांवरच्या रिफ्लेक्टिव्ह पट्टीचे भारतीय मानक) मान्यता आहे का ते विचारा आणि पट्टीवर ठरावीक अंतराने छापलेली खूण बघा. रोल साधारण ५० मिलिमीटर रुंद आणि ४५.७ मीटर लांब असतो.

दुकानात ट्यूबलाइटखाली चमक बघून काही कळत नाही. तुकडा भिंतीला लावा, २०-२५ मीटर मागे जा, फोनचा टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी धरा. मग टॉर्चचा हात बाजूला लांब करा. पट्टी लगेच मंद होईल. प्रकाश आला त्याच वाटेने परत जातो, म्हणून असे होते. दिव्यांपासून बराच उंच बसणाऱ्या ट्रकचालकाला तीच पट्टी मोटारवाल्यापेक्षा कमी उजळ दिसते, आणि हेडलाइट नसलेल्या सायकलस्वाराला तर तिचा काहीच उपयोग नाही.

रंग ठरलेले आहेत: पुढे पांढरा, बाजूंना पिवळा, मागे लाल. लाल पट्टी पांढरीच्या जेमतेम पाव हिस्सा प्रकाश परत देते, त्यामुळे काटकसर करायचीच असेल तर निदान मागच्या बाजूला नको. मागची चौकट ६ मीटर आणि बाजू ४-४ मीटर धरली, तर एका लाल रोलमध्ये ७ ट्रॉल्या होतात आणि एका पिवळ्यामध्ये ५. ट्रॅक्टरमालकांनी मिळून रोल घ्यावेत. मागे नुसती आडवी पट्टी लावू नका. चारही कोपरे दाखवणारी चौकट असेल तर मागून येणाऱ्याला रुंदी कळते, आणि चौकट झपाट्याने मोठी होऊ लागली की ट्रॉली थांबलेली किंवा अगदी हळू चालणारी आहे हेही कळते.

पट्टी निघते तेव्हा दोष बहुतेक वेळा गोंदाचा नसतो, खालचा गंजका रंगच पापुद्र्यासकट सुटतो. पॉलिश पेपरने घासा, धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. डिझेल किंवा रॉकेलने पुसले की तेलकट थर राहतो आणि लवकरच कडा उचलतात. रिव्हेट आणि सांध्यावर पट्टी ताणून न नेता तिथे कापा. रबरी पट्टीने मधून कडेकडे दाबत जा आणि एक दिवस पाणी लागू देऊ नका. वरून वॉर्निश मारू नका. उघड्या अँगलच्या ट्रॉलीला सपाट जागाच नसते. तिथे ६० मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर रिफ्लेक्टर चिकटवून ती रिव्हेटने बसवावी. थोडा खर्च वाढतो, पण ती वर्षानुवर्षे टिकते.

या वस्तूची सर्वांत मोठी अडचण मात्र उसाची आहे. मोळ्या मागे दोन-तीन फूट बाहेर येतात आणि पट्टी, टेललाइट, नंबरप्लेट सगळे झाकतात. पासिंगला बिनचूक दिसलेली ट्रॉली भरल्यावर पुन्हा अंधारात जाते. त्यासाठी रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या शिवलेले कापड घ्या, किमान ट्रॉलीइतके रुंद, आणि ऊस भरल्यावर ते मोळ्यांच्या बाहेरून चारही कोपऱ्यांना बांधा. दोनच कोपरे बांधले तर वाऱ्याने कापड उलटते. दोन ट्रॉल्या असतील तर कापड मागच्या ट्रॉलीवर हवे, आणि रिकामी परतताना ते सोडून आत ठेवावे, नाहीतर चिखलाने निकामी होते. चिखलाचा पातळ थरही पट्टीची बरीच चमक खातो. कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर येईपर्यंत ओल्या फडक्याने मागची बाजू पुसून होते.