हॅनेनचा पालक-कार्यक्रम: तंत्र पक्कं, पण घराची रीत विचारून घ्या

उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी हॅनेन सेंटरचा कार्यक्रम जगभर चालतो. आयला मॅनोल्सन या स्पीच थेरपिस्टनी १९७५ साली कॅनडात तो सुरू केला. पाच वर्षांखालच्या मुलांसाठीच्या मूळ कार्यक्रमात ६ ते ८ गट-बैठका (किमान १६ तास) आणि पालक-मुलाच्या ३ भेटी असतात; त्यांत दोघांचं बोलणं चित्रित करून पालकांना दाखवतात. खरा माल व्हिडिओत आहे. आपण मुलाला बोलायला जागाच देत नाही, हे स्वतःला पडद्यावर पाहिल्याशिवाय पटत नाही.

तंत्र सांगायला सोपं: बघा, थांबा, ऐका. कपड्यांच्या घड्या घालताना शर्ट हातात धरायचा, मुलाकडे बघायचं आणि मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. बहुतेकांचा धीर तीनवरच सुटतो. मूल ‘श’ म्हणालं की ‘हो, शर्ट! बाबांचा शर्ट’ एवढंच म्हणायचं. ‘हे काय? रंग कोणता?’ अशी सरबत्ती सुरू झाली की मूल गप्प बसतं.

अडचण पुढे येते. मोठ्यांनी मुलामागे जावं, समोरासमोर बसून सतत गप्पा माराव्यात, हे कार्यक्रमाने गृहीत धरलेलं आहे. पालकांना असं शिकवण्यामागची ही गृहीतकं सगळ्या संस्कृतींना लागू पडत नाहीत, असा मुद्दा वाचा-भाषा संशोधक ॲन व्हॅन क्लीक यांनी १९९४ मध्येच मांडला होता. मोठे बोलतात आणि लहान ऐकतात, किंवा मूल दिवसभर आजी नाहीतर ताईजवळ असतं, अशा घरात आईला एकटीला शिकवून भागत नाही. वर ‘पालक सहकार्य करत नाहीत’ असा शेरा बसतो, तो वेगळाच!

शब्द निवडताना तर हमखास गडबड होते. थेरपीत ‘दे’ शिकवतात, कारण तो छोटा आणि उच्चारायला सोपा. घरात आजोबांना ‘द्या’च म्हणायचं असेल, तर तोच ‘दे’ उद्धटपणा ठरतो आणि मूल बोलल्याबद्दल ओरडा खातं. लगेच ‘द्या’चा हट्ट धरावा, तर ‘द्य’ हे जोडाक्षर लहान जिभेला जड. मधला मार्ग असा: सध्या हात पुढे करून ‘आजोबा, दे’ चालेल, हे घरातल्या सगळ्यांशी आधी ठरवायचं. मोठ्यांनी उत्तर देताना ‘आजोबा, द्या’ हे रूप ऐकवत राहायचं, पण मुलाकडून वदवून घ्यायचं नाही.

चांगला थेरपिस्ट पहिल्या भेटीत खेळणी काढत नाही, प्रश्न विचारतो. मुलाजवळ सर्वात जास्त वेळ कोण असतं? रागावताना आणि लाड करताना कोणती भाषा येते? मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोललेलं चालतं का? चित्रीकरण चालेल का, आणि नंतर ते पुसणार कधी? व्हिडिओ नको असेल तर नुसता आवाज रेकॉर्ड करूनही बरंच काम होतं. मुलासाठी घरची भाषा सोडा म्हणणारा थेरपिस्ट मात्र लगेच बदलावा. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही.

तोतरेपणा किंवा फक्त उच्चारांची अडचण असेल, तर या कार्यक्रमात पैसे घालू नका. त्याची थेरपी वेगळी असते.