एनएसीएचे अहवाल की ब्रिटिश आर अँड एम: विमानविद्येच्या अभ्यासकाने आधी काय उघडावे?

विमानविद्येची पाठ्यपुस्तके वाचून झाली की काही वाचकांना मूळ संशोधनाची ओढ लागते. पुस्तकातला आलेख कुठून आला, सूत्रातला स्थिरांक कोणी मोजला, या प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा विसाव्या शतकाच्या मध्यावर छापलेल्या सरकारी अहवालांत सापडतात. असे अहवालांचे दोन मोठे साठे इंग्रजीत आज कोणालाही विनामूल्य वाचता येतात. पहिला अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅडव्हायझरी कमिटी फॉर एरोनॉटिक्सचा, म्हणजे एनएसीएचा. तो नासाच्या तांत्रिक अहवालांच्या संग्रहात आहे. दुसरा ब्रिटनच्या एरोनॉटिकल रिसर्च कौन्सिलच्या ‘रिपोर्ट्स अँड मेमोरँडा’चा, ज्याला जाणकार ‘आर अँड एम’ म्हणतात. तो क्रॅनफील्ड विद्यापीठाने जतन केला आहे. दोन्हींत हजारो अहवाल असल्यामुळे हाताशी सुट्टीचे दोन महिने असलेल्या विद्यार्थ्याने किंवा नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्या अभियंत्याने सुरुवात कोठून करावी, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देशावरून किंवा संस्थेच्या नावलौकिकावरून न ठरवता आपल्याला काय शोधायचे आहे यावरून ठरवावे, असे माझे मत आहे.

दोन्ही संस्थांची घडण वेगळी होती आणि ती अहवालांत उतरली आहे. एनएसीए १९१५ मध्ये स्थापन झाली आणि १९५८ मध्ये नासात विलीन झाली. व्हर्जिनियातील लँग्ली, कॅलिफोर्नियातील एम्स आणि क्लीव्हलँडमधील इंजिनविषयक प्रयोगशाळा या तिच्या स्वतःच्या होत्या, त्यामुळे प्रयोगाची आखणी, मोजमाप आणि छपाई बहुतेक वेळा एका घरातच होत असे. ब्रिटिश समितीची सुरुवात १९०९ ची, लॉर्ड रॅली यांच्या अध्यक्षतेखाली झालेली; ‘कौन्सिल’ हे नाव तिला १९४५ मध्ये मिळाले. तिचे काम मुख्यतः सल्लागाराचे होते. फार्नबरोची रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट, टेडिंग्टनची नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी आणि विद्यापीठे यांच्याकडून आलेले निबंध ती तपासत असे आणि निवडक निबंध आर अँड एम म्हणून छापत असे. म्हणून एनएसीएचे अहवाल एका साच्यातले वाटतात, तर आर अँड एममध्ये लेखकागणिक मांडणी बदलते. घाईतल्या वाचकाला पहिला प्रकार सोयीचा. विषय मुरवून घ्यायचा असेल तर दुसऱ्याची गोडी जास्त, पण ती लागायला वेळ जातो.

पंखाच्या छेदाचा, म्हणजे एअरफॉइलचा विचार करायचा असेल तर निवड अवघड नाही: एनएसीए. १९३३ चा अहवाल क्रमांक ४६० हा ७८ परस्परसंबंधित एअरफॉइलांचा आहे. जेकब्स, वॉर्ड आणि पिंकर्टन यांनी कॅम्बर (छेदाचा बाक) आणि जाडी पद्धतशीरपणे बदलत नेऊन प्रत्येक छेद लँग्लीच्या व्हेरिएबल डेन्सिटी टनेलमध्ये तपासला. हे वातविवर, म्हणजे प्रतिकृतीवर हवेचा झोत सोडून मोजमाप करण्याचा बोगदा, एका पोलादी टाकीत बसवलेले होते. आतल्या हवेचा दाब सुमारे वीस वातावरणांपर्यंत वाढवला की लहान प्रतिकृतीवरही मोठ्या पंखाच्या जवळपासचा रेनॉल्ड्स अंक (आकार, वेग आणि हवेची घनता व चिकटपणा यांवरून ठरणारा, प्रवाहाचे स्वरूप सांगणारा आकडा) मिळत असे. चार अंकी नावांची पद्धतही याच कामातली. २४१२ या नावात पहिला आकडा सांगतो की सर्वाधिक कॅम्बर कॉर्डच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या लांबीच्या) २ टक्के आहे, दुसरा सांगतो की तो पुढच्या कडेपासून ४० टक्क्यांवर आहे, आणि शेवटचे दोन सांगतात की जाडी १२ टक्के आहे. सेस्ना १७२ चा पंख याच छेदाचा आहे.

हे नाव म्हणजे एक सूत्रच आहे, आणि ते एकदा हाताने सोडवून पाहावे. जाडीच्या सूत्रात कंसातले सहगुणक क्रमाने ०.२९६९, −०.१२६०, −०.३५१६, ०.२८४३ आणि −०.१०१५ असे येतात. पहिला कॉर्डवरील अंतराच्या वर्गमुळाला लागतो आणि पुढचे अंतराच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या घाताला. १२ टक्के जाडीसाठी कंसाला ०.६ ने गुणायचे. अंतर ०.३ घेतले की अर्धी जाडी बरोबर ०.०६ येते, म्हणजे पूर्ण जाडी १२ टक्के. ती कुठे सर्वाधिक आहे हेही त्यावरून कळते. अंतर १ घेतले, म्हणजे मागच्या कडेवर आलो, तर कंसात शून्य उरत नाही, ०.००२१ उरतात. एक मीटर कॉर्डच्या पंखात मागची कड त्यामुळे सुमारे अडीच मिलिमीटर जाड राहते. संगणकावर आकृती काढताना कड मिटत नाही म्हणून अनेक विद्यार्थी आपलेच गणित चुकले असे समजतात. चूक त्यांची नसते, सूत्रच तसे आहे.

मात्र ४६० मधली मापे आज जशीच्या तशी वापरू नयेत. त्या टाकीतला प्रवाह बराच क्षुब्ध होता, त्यामुळे सर्वाधिक लिफ्ट (उचल) आणि ड्रॅग (हवेचा विरोध) यांचे आकडे दुरुस्त करून घ्यावे लागतात. लँग्लीने पुढे कमी क्षोभाचे, दाब वाढवता येणारे वातविवर बांधले, आणि त्यातली मापे अ‍ॅबट, फॉन डोनहॉफ आणि स्टिव्हर्स यांच्या १९४५ च्या अहवाल क्रमांक ८२४ मध्ये आहेत. यात बहुतेक छेदांचे आलेख ३०, ६० आणि ९० लाख या रेनॉल्ड्स अंकांना दिले आहेत, आणि शिवाय पुढच्या कडेवर मुद्दाम खडबडीतपणा आणून ६० लाखांना घेतलेली मापेही आहेत. ही शेवटची मापे मला सर्वांत मोलाची वाटतात. लॅमिनार (थरांत सुरळीत वाहणाऱ्या) प्रवाहासाठी आखलेल्या एनएसीएच्या सहा-मालिकेतील छेदांचा कमी ड्रॅग गुळगुळीत प्रतिकृतीवर देखणा दिसतो, पण खऱ्या पंखावर रिव्हेटांची डोकी, रंगाचे थर आणि चिकटलेले कीटक असतात, आणि त्या अवस्थेत काय उरते ते ही मापे दाखवतात. स्पर्धेसाठी रेडिओ-नियंत्रित विमान बांधणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पंखाची कॉर्ड २५ सेंटीमीटर आणि वेग सेकंदाला १२ मीटर असेल तर रेनॉल्ड्स अंक जेमतेम २ लाख येतो. ८२४ मधील आलेख त्या पट्ट्यातले नाहीत. तेथून आकडा उचलला तर विमान अपेक्षेपेक्षा लवकर स्टॉल होईल, म्हणजे पंखाची उचल अचानक कोसळेल.

आर अँड एम या बाबतीत मागे पडतात, आणि जुने अंक वाचताना एक खड्डाही आहे. १९३० च्या दशकापर्यंत ब्रिटिश संशोधक लिफ्टचा गुणांक ‘के-एल’ असा लिहीत. त्यात लिफ्टला घनता, क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागलेले असे, अर्ध्याचा घटक न घेता. म्हणून त्यांचा ०.६ म्हणजे आजच्या ‘सी-एल’चा १.२. आलेखाच्या अक्षावरचे अक्षर न पाहता आकडा घेणाऱ्याचा पंख दुप्पट मोठा होतो. दुसरी बाब तारखांची. आर अँड एमवर लेखनाचा महिना आणि छपाईचे वर्ष वेगवेगळे असतात, आणि युद्धकाळातल्या व त्यानंतरच्या कामात दोन्हींत अनेक वर्षांचे अंतर पडलेले दिसते. कोणती कल्पना आधी कोणाला सुचली हे ठरवताना छपाईच्या वर्षावर विसंबणे म्हणजे लेखकावर अन्याय आहे.

पूर्ण पंखावरील लिफ्टच्या वाटणीकडे वळलो की ब्रिटिश बाजू वर येते. मुल्टहॉप यांची सबसॉनिक (ध्वनीपेक्षा कमी) वेगासाठीची लिफ्टिंग-सरफेस पद्धत आर अँड एम २८८४ मध्ये आहे. लेखन १९५० चे, छपाई १९५५ ची. ते मूळचे जर्मन संशोधक, युद्धानंतर फार्नबरोत काम करत होते. कूखेमान हेही असेच आले, आणि त्यांच्या भोवतालच्या कामातून पुढे काँकॉर्डच्या सडपातळ डेल्टा पंखाची वाट निघाली. ध्वनीच्या वेगाजवळच्या कामासाठी मात्र पुन्हा अमेरिकेकडे जावे. रॉबर्ट जोन्स यांचा १९४५ चा मागे वळलेल्या पंखांवरचा अहवाल ८६३ आणि रिचर्ड व्हिटकोम यांचा क्षेत्र-नियमावरील (विमानाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ लांबीनुसार हळूहळू बदलले तर ध्वनीच्या वेगाजवळ ड्रॅग कमी राहतो, हा नियम) अहवाल १२७३ हे दोन्ही थोडक्यात आणि स्वच्छ लिहिलेले आहेत. व्हिटकोम यांचे काम १९५२ मध्ये गोपनीय ‘रिसर्च मेमोरँडम’ म्हणून निघाले होते आणि खुला अहवाल १९५६ मध्ये आला. दरम्यान कॉन्व्हेअरच्या एफ-१०२ या लढाऊ विमानाचा पहिला नमुना सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडू शकला नाही, आणि मधला भाग निमुळता केल्यावर डिसेंबर १९५४ मध्ये तो ओलांडला गेला.

फ्लटरच्या बाबतीत निवड करायला सांगितले तर मी दोन्ही वाचायला सांगेन, पण क्रम ठरवून. फ्लटर म्हणजे पंखाचे वाकणे आणि पिळणे हवेतून ऊर्जा खेचत एकमेकांना वाढवत नेतात आणि काही क्षणांत पंख तुटतो ती अवस्था. फ्रेझर आणि डंकन यांचा १९२८ चा आर अँड एम ११५५ हे जाडजूड काम आहे. खऱ्या पंखाच्या विकृतीचा आकार आधी ठरवून घ्यायचा आणि फक्त त्याचे मोठेपण चल मानायचे, ही त्यांची ‘अर्ध-दृढ’ कल्पना. हवेचे गुणांक त्यांनी वातविवरात मोजले, आणि आयलरॉनचे (पंखाच्या मागच्या कडेवरील हलत्या पट्टीचे) वस्तुमान बिजागरीच्या रेषेभोवती संतुलित करावे यासारख्या शिफारशीही केल्या. थिओडोरसन यांचा १९३५ चा एनएसीए अहवाल ४९६ अगदी वेगळ्या वळणाचा आहे. त्यात वाकणे, पिळणे आणि आयलरॉन या तीन हालचालींसाठी हवेची बले गणिताने नेमकी काढली आहेत, आणि सगळा गुंता एका संमिश्र फलनात आणून ठेवला आहे. हालचाल अतिशय संथ असेल तर ते फलन १ असते आणि अतिशय वेगवान असेल तर अर्ध्यावर येते. हा अहवाल देखणा आहे, पण आधी तो वाचला तर पंख का तुटतो हे न कळता समीकरण सोडवण्यात आठवडा निघून जातो. म्हणून आधी ११५५ मधले पहिले भाग आणि शिफारशी वाचाव्यात, मग ४९६ समोर घेऊन त्यातले फलन स्वतः आलेखावर काढावे.

संरचनांच्या क्षेत्रात एनएसीएचा एक गुण फारसा कोणी सांगत नाही. तिच्या ‘टेक्निकल मेमोरँडम’ मालिकेत युरोपातील, विशेषतः जर्मन, निबंधांची इंग्रजी भाषांतरे आहेत. जर्मन न येणाऱ्याला जर्मनीतील गॉटिंगेनच्या वायुगतिकी संशोधनाच्या परंपरेचा दरवाजा तिथेच उघडतो. आपल्या कोल्हापूरकडच्या विष्णू माधव घाटगे यांनी प्राध्यापक लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली गॉटिंगेनलाच डॉक्टरेट केली आणि पुढे १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ प्रशिक्षण विमान घडवले. वॅग्नर यांचे पातळ पत्र्याच्या गर्डरांवरचे १९२९ चे काम टेक्निकल मेमोरँडम ६०४ ते ६०६ मध्ये मिळते. स्पारच्या (पंखातील मुख्य तुळईच्या) दोन कडांमधला पातळ पत्रा कर्तन बलाखाली सुरकुततो, पण तो तिथेच निकामी होत नाही. तिरक्या घड्या ताणाच्या पट्ट्यांसारख्या काम करत भार पेलत राहतात. वॅग्नर यांनी पूर्ण सुरकुतलेल्या अवस्थेचे गणित केले. खरा पत्रा मात्र त्या टोकाला क्वचितच पोचतो. पॉल कून आणि सहकाऱ्यांनी १९५२ च्या टेक्निकल नोट २६६१ मध्ये शून्य ते एक असा ‘तिरक्या ताणाचा गुणक’ घेऊन मधल्या अवस्था हिशोबात आणल्या, आणि २६६२ मध्ये त्याचे प्रायोगिक पुरावे दिले. जमिनीवर उभ्या अमेरिकी बी-५२ बॉम्बरच्या अंगावर दिसणाऱ्या सुरकुत्या पाहून काळजी वाटलेल्या वाचकाने ही नोट जरूर वाचावी.

धातूच्या थकव्यासाठी (वारंवार भार येऊन भेगा पडण्यासाठी) मात्र मी फार्नबरोचेच नाव घेईन, आणि त्यामागे एक दुःखद कारण आहे. १० जानेवारी १९५४ ला एल्बा बेटाजवळ आणि ८ एप्रिलला नेपल्सजवळच्या समुद्रात अशी दोन कॉमेट ही ब्रिटिश जेट विमाने प्रवाशांसह कोसळली. फार्नबरोत तिसऱ्या एका कॉमेटचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून, पंख बाहेर काढून, आतला दाब पुन्हा पुन्हा वाढवण्यात आला. हवेऐवजी पाणी घेण्याचे कारण साधे आणि महत्त्वाचे होते. दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा फुटताना सगळा पुरावा उधळून टाकते, पाणी मात्र जवळजवळ दाबले जात नसल्याने भेग जिथे सुरू झाली तिथेच सापडते. आधीची उड्डाणे धरून सुमारे ३,००० चक्रांनंतर तो सांगाडा एका चौकटीच्या कोपऱ्यापाशी फाटला. खिडक्यांच्या कोपऱ्यांतील भेगा कशा वाढतात यावरचा आर अँड एम ३२४८ पुढे १९६२ मध्ये छापला गेला. मॅकएव्हिली आणि इल्ग यांची भेगेच्या वाढीच्या वेगावरची एनएसीए टेक्निकल नोट ४३९४ ही १९५८ ची, म्हणजे त्याच्या आधीची, आणि गणिताच्या दृष्टीने अधिक नेटकी आहे. तरीही ती पत्र्याच्या नमुन्यांवरची आहे, तर ३२४८ मध्ये खरे विमान आहे, आणि ज्याच्या सहीने एखादा भाग विमानात बसणार आहे त्याने खरे विमान आधी पाहावे.

एवढ्यावरून निवड करायची तर लहान विमान आखणाऱ्याने ८२४ पासून, आणि देखभाल किंवा संरचना-तपासणीच्या नोकरीत असलेल्याने ३२४८ आणि २६६१ पासून सुरुवात करावी. एम.टेक.च्या प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्याने फ्लटरची जोडी घ्यावी. ज्याला अजून काहीच ठरवता येत नाही त्याने सतीश धवन यांचा एनएसीए अहवाल ११२१ उघडावा. १९५३ च्या या अहवालात त्यांनी सपाट पृष्ठभागात बसवलेल्या एका चिमुकल्या हलत्या तुकड्यावर हवेचे घर्षण थेट मोजले आहे. उपकरणाची रचना, तुकड्याभोवतीच्या फटीमुळे येऊ शकणारी चूक आणि ती कशी आटोक्यात ठेवली, हे सगळे त्यात क्रमाने लिहिलेले आहे, आणि पहिल्या वाचनात समजेल इतके स्वच्छ आहे.