एक काळ की दोन काळ? मोडत आलेल्या संसाराची ख्रिस्ती कादंबरी लिहायला बसणाऱ्यांसाठी

मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळातल्या एका धाकट्या मैत्रिणीने विचारलं, ताई, मला नवरा-बायकोच्या बिनसलेल्या संसारावर कादंबरी लिहायचीय, आपल्या ख्रिस्ती घरातली, तर आजचीच गोष्ट सरळ लिहू का तुमच्यासारखी दोन काळांत लिहू, आणि लिहून झाली की टाकू कुठे. फोनवर अर्धा तास बोललो तरी अर्धं राहूनच गेलं. मी दोन्ही प्रकार करून बघितलेत, इथेच सोलापुरात राहून आणि आपल्याच मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, माणसांसमोर, म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवतेय.

दोन काळांची म्हणजे काय ते आधी. माझ्या कादंबरीत आज जुळे सोलापुरात राहणारी एक मुलगी आहे, लग्नाला नऊ वर्षं झालीत, नवऱ्याशी बोलणं फक्त पोराच्या शाळेपुरतं उरलंय. आणि १९३० सालातली तिची पणजी आहे, मिशनच्या शाळेत शिकलेली, नवरा मिलमध्ये, भोंग्यावर उठणं भोंग्यावर झोपणं. काही प्रकरणं हिची, मध्येमध्ये काही तिची, आणि दोघींच्या गोष्टी एका वाकळेपाशी येऊन भेटतात.

एका काळाची गोष्ट लिहायला सोपी, हे खरंच आहे. माझी पहिली कादंबरी तशीच होती, सात महिन्यांत झाली. वाचणाऱ्याचा श्वास तुटत नाही, भांडण सुरू झालं की ते संपेपर्यंत तुम्ही त्याच स्वयंपाकघरात उभे असता, आणि पहिल्यांदाच लिहिणाऱ्याला संवाद, प्रसंग, शेवट एवढंच सांभाळावं लागतं. नवरा दारू पित नाही, मारत नाही, रोज प्रार्थना करतो आणि तरी बायकोशी एक प्रेमाचा शब्द बोलत नाही, असा बारीक त्रास दाखवायचा असेल तर एकच काळ बरा. असा त्रास पानापानाने साचत जावा लागतो, मध्येच ९० वर्षं मागे गेलात की तो पातळ होतो.

पण त्याची एक अडचण मला छापून झाल्यावर कळली. सोलापूर कितीही पसरलं, होटगी रोडपासून बाळ्यापर्यंत, तरी आपली मंडळी छोटीच. कोण कुणाची मावशी, कुणाचं लग्न कुठल्या पाळकांनी लावलं, कोण माहेरी येऊन राहिलीय, सगळ्यांना ठाऊक असतं. माझी नायिका पूर्ण कल्पनेतली होती, पण उपासना सुटल्यावर एक बाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, तुम्ही आमच्या घरातलं का लिहिलंत. त्यांचं असं काही चाललंय हे मला तोपर्यंत माहीतसुद्धा नव्हतं. मी परोपरीने सांगितलं, पण त्या नंतर कितीतरी रविवार माझ्या बाकावर बसल्या नाहीत, आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं.

दुसरा काळ इथे आडोसा देतो. जुन्या काळातल्या बाईवर जे गुदरतं त्यात कुणी जिवंत माणूस स्वतःला शोधत नाही, आणि तरी प्रत्येकीला ते आपलं वाटतं. पणजीचं प्रकरण मी मोठ्याने वाचलं तेव्हा ज्या बायका आजच्या नायिकेवर एक शब्द बोलत नव्हत्या त्या पणजीच्या निमित्ताने तासभर बोलल्या.

आपल्याकडे हा विषय नवाही नाही. बाबा पदमनजींनी १८५७ साली यमुनापर्यटन लिहिलं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात, तीही बायकांच्या, विधवांच्या हालाबद्दलच. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार अक्षरशः दुभंगला, काही वर्षं दोघं वेगळी राहिली, पुढे एकत्र आली आणि मग १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी स्मृतिचित्रांत लिहून ठेवलंय. धर्म बदलल्यामुळे जोडीदार नांदायला तयार नसेल तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला कोर्टातून लग्न मोडून घेता यावं असा कायदा १८६६ सालीच झालेला होता, म्हणजे वाट होती, पण ही दोघं पुन्हा एका घरात आली. असं एक खरं उदाहरण नीट वाचलं तरी जुना काळ कसा लिहायचा याचं अर्धं शिक्षण होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, यावरच तुमचा निर्णय ठरावा असं मला वाटतं. दोन काळांची कादंबरी नकळत प्रवचन होते. जुन्या बाईने सोसलं, प्रार्थना केली, शेवटी नवरा सुधारला, आणि आजची मुलगी ते वाचून डोळे पुसते आणि सामान घेऊन सासरी परत जाते. माझा पहिला खर्डा हुबेहूब असाच होता आणि मला तो फार आवडलाही होता. मग एका मंगळवारी प्रार्थनासभेनंतर मी शेवटची प्रकरणं वाचून दाखवली, सगळ्या हेलावल्या, आणि कोपऱ्यात बसलेल्या एका तरुण मुलीने विचारलं, म्हणजे मी पण परत जाऊ का. तिच्या हातावर काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. त्या रात्री घरी येऊन मी शेवटची सहा प्रकरणं बाजूला काढली.

नवीन खर्डा उभा राहिला तो कायद्यामुळे. ख्रिस्ती लोकांना लागू असलेला घटस्फोटाचा कायदा १८६९ सालचा, आणि त्यात २००१ साली दुरुस्ती होईपर्यंत नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरायचं, बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार दाखवून भागत नव्हतं, त्याच्या जोडीला छळ किंवा दोन वर्षं टाकून दिलेलं असणं असं आणखी काही सिद्ध करावं लागायचं, आणि नुसत्या छळावर तर घटस्फोट नव्हताच. दुरुस्तीनंतर दोघांना कारणं सारखी झाली, छळ हे स्वतंत्र कारण झालं, परस्परसंमतीची वाटही आली. म्हणजे माझी १९३० ची पणजी राहिली ती विश्वासाने राहिली असेलही, पण तिच्यासाठी दारच नव्हतं. पणतीसाठी दार आहे. हा फरक कादंबरीत स्पष्ट आला की मग पणजी हा कित्ता राहत नाही, ती साक्षीदार होते, ती पणतीला म्हणू शकते की बाई गं, मी का राहिले ते आधी ऐक. माझ्या आत्ताच्या खर्ड्यात पणजीने ते वाकळेच्या आतल्या थरात लपवलेल्या कागदावर लिहून ठेवलंय. माळ्यावर सापडलेली डायरी सगळेच वापरतात, तुम्ही नका वापरू.

वचनांचंही असंच. बायबलमधल्या मलाखी २:१६ मधला सूटपत्राबद्दलचा, म्हणजे घटस्फोटाबद्दलचा, भाग सगळ्यांना पाठ असतो, त्याच वचनात पुढे जुलूम करणाऱ्याबद्दलही म्हटलंय ते कुणी वाचून दाखवत नाही. बायबलमधला संदेष्टा होशेय आणि त्याची बाहेर गेलेली बायको गोमेर, हा साचा लेखकांना फार आवडतो, मलाही आवडतो, पण तो बाहेर गेलेल्या जोडीदाराला क्षमा करण्याच्या गोष्टीला चालतो, मारहाणीच्या गोष्टीला तो लावू नका. संसार पुन्हा जुळताना दाखवायचाच असेल तर जरूर दाखवा, मी स्वतः त्यासाठी रोज प्रार्थना करणारी बाई आहे, पण आधी मार थांबलेला दाखवा, नवऱ्याचा पश्चात्ताप कृतीत दाखवा, महिनोन् महिने.

मेहनतीचं बोलायचं तर दोन काळांना दुप्पट-तिप्पट नाही, पाचपट वेळ लागतो. माझी तीन वर्षं गेलीत. सोलापूरचं १९३० साल म्हणजे मे महिन्यात लागलेला मार्शल लॉ, पुढच्या जानेवारीत येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. एवढं मोठं काही हाताशी असलं की कादंबरीत सगळंच कोंबावंसं वाटतं, मीही कोंबलं होतं, नंतर काढलं. पणजीच्या गोष्टीला लागतं ते एवढंच, की रस्त्यावर शिपाई आहेत म्हणून नवरा दिवसभर घरात आहे आणि ती त्याच्यासोबत एका खोलीत अडकलीय. बाकी माहिती म्हाताऱ्या माणसांकडून मिळते, हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसलात तर शहराबद्दलचं जुनं वाचायला मिळतं, १८४२ साली सुरू झालेल्या ज्ञानोदय या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक कुठे बघायला मिळाले तर त्या काळातली ख्रिस्ती घरं कसं बोलायची ते कानाला कळतं. चर्चमधलं जुनं लग्नाचं रजिस्टर पाळकांना विचारून बघता येतं, फक्त त्यातली खरी नावं कादंबरीत आणू नका.

भाषाही दोन लागतात. आजचा नवरा काय करलालास बे म्हणणारा, ओके आणि टेन्शन म्हणणारा, आणि पणजीच्या प्रकरणात आणे, पायली, कंदील. दोन्ही प्रकरणं एकाच आवाजात आली तर वाचणारा तिसऱ्या पानावर गोंधळतो. मी आजचं मी-मी करून लिहिलं आणि जुनं ती-ती करून, तेवढ्यानेही खूप सोपं झालं. आणि निम्मं-निम्मं वाटून देऊ नका, माझी २४ प्रकरणं आहेत त्यात पणजीची फक्त ९.

वाटायचं कुठे, तर प्रतिलिपीसारख्या ॲपवर भाग टाकणं फुकट आहे, वाचक लगेच मिळतात, रात्री पोरं झोपल्यावर मोबाईलवर वाचणाऱ्या बायका तिथेच असतात. एका काळाच्या कादंबरीला हे उत्तम, मी पहिली आता तिथे टाकलीय. दोन काळांची तिथे अडखळते, कारण चार दिवसांनी पुढचा भाग आला की मागचा कुठल्या काळाचा होता तेच आठवत नाही. टाकायचीच तर एक आजचं आणि एक जुनं अशी जोडी एकदम टाका आणि प्रत्येक भागाच्या वर साल लिहा. किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतः काढता येतं, पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर त्यांच्या सिलेक्ट योजनेत जावं लागतं, आणि तिथे असेपर्यंत तेच ई-पुस्तक दुसरीकडे डिजिटल रूपात ठेवता येत नाही, म्हणजे ॲप का किंडल हे आधीच ठरवा, ॲपवर सगळे भाग टाकून मग तिकडे गेलात तर अडचण. छापायचं असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो, त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. छापील पुस्तकाचा एक फायदा असा की आमच्याकडच्या वयस्कर बायका तेच वाचतात, आणि हातोहात ते अशा घरात पोचतं जिथे सुनेचा मोबाईल नवरा तपासतो. व्हॉट्सॲपवर पीडीएफ मात्र नको, एकदा गेली की कुणाकडे गेली ते कळत नाही आणि चूक सुधारता येत नाही.

या सगळ्याच्या आधी चार-पाच बायकांसमोर मोठ्याने वाचन, हे मी दोन्ही प्रकारांसाठी सांगेन. त्यात एक तरी अशी हवी जिचा संसार खरंच मोडलाय आणि एक अशी जिचा मोडता मोडता राहिला. मला त्या मुलीचा प्रश्न ॲपवर कधीच ऐकू आला नसता, तिथे फार तर पाच स्टार आले असते.

मग माझ्या मैत्रिणीने काय करावं? तिची गोष्ट अबोल्याची आहे, मारहाण नाही, जुना काळ तिने शोधलेला नाही आणि हातात वर्षभराचाच वेळ आहे, तर तिने एकाच काळाची लिहावी, गाव बदलावं, बार्शी किंवा पंढरपूर करावं, नोकऱ्या बदलाव्यात आणि भाग भाग करून ॲपवर टाकावी. जिच्या घरात आजी-पणजीची अर्धवट ऐकलेली गोष्ट आहे, जी आजवर कुणी पूर्ण सांगितली नाही, तिने दोन काळांची लिहावी, वेळ लागू द्यावा आणि पूर्ण झाल्यावर एकत्रच छापावी. लिहिताना आधी आजची गोष्ट सलग लिहून संपवा, मग जुनी सलग, आणि शेवटी पत्ते पिसल्यासारखी प्रकरणं एकमेकांत घाला, आलटून पालटून लिहीत गेलात तर दोन्ही अर्धवट राहतात.

माझं पिसणं अजून चालू आहे. सतराव्या प्रकरणात पणती वाकळ उसवते, ते येत्या मंगळवारी वाचायचंय, आणि ती मुलगी येणार आहे असा तिचा निरोप आलाय. ती सध्या आईकडे राहते.