साप आत, मांजर वर: समोरून उघडणारी काचपेटी मांजराच्या घरात चालते का?

अमेरिकेत किंवा इंग्लंडात कॉर्न स्नेक नाहीतर बॉल पायथन जातीचा साप पाळायचा म्हटलं की दुकानात हमखास दाखवतात ती समोर दोन दारं आणि वर जाळीचं झाकण असलेली काचपेटी. एक्झो टेरा कंपनीची पेटी हा यातला सगळ्यांच्या ओळखीचा नमुना, आणि 90×45×45 सेंटिमीटर हे मधलं माप. इथे जे लिहिलंय ते या बांधणीच्या कुठल्याही पेटीला लागू आहे. घरात नुसता साप असेल तर पेटी छान. मांजरही असेल तर दारांना 5 पैकी 4, झाकणाला जेमतेम 2.

आधी दारं. वरून हात घातला की सापाला घारच झडप घालतेय असं वाटतं. समोरून उघडणाऱ्या पेटीत तो त्रास नाही, आणि झाकण सरकवून ठेवलंय तोवर मांजर आत डोकावतंय, हा प्रसंगही येत नाही. दाराचा खटका मात्र कुलूप नव्हे. मांजराने अंग घासलं, पंजा अडकवून ओढला, तर खटका सुटू शकतो. छोटं किल्लीचं कुलूप लावून टाकायचं आणि किल्ली पेटीपाशी न ठेवता दुसरीकडे टांगायची. दोन दारांमधली फट वरपासून खालपर्यंत तपासा. अंड्यातून नुकतं निघालेलं कॉर्न स्नेकचं पिल्लू पेन्सिलीएवढं जाड असतं आणि डोकं शिरलं की पुढचं अंग आपसूक जातं. मत्स्यपेटीच्या हवेची मऊ नळी लांबीला चिरून काचेच्या कडेवर बसवली की फट बुजते.

पाठीमागे वायरी आत घ्यायला सरकत्या झडपा असतात. पळालेला साप बरेचदा तिथूनच गेलेला असतो. झडप वायरीला टेकेपर्यंत सरकवा, उरलेल्या जागेत बारीक धातूची जाळी घडी करून दाबा. स्पंज भरू नका, साप तो नाकाने ढकलतो.

आता झाकण. थंडीच्या दिवसांत घरातली सगळ्यात उबदार जागा म्हणजे सापाला ऊब देणाऱ्या दिव्याशेजारची ती जाळी, आणि हे मांजराला तुमच्या आधी कळतं. जाळी हवा खेळण्यासाठी केलेली असते, 4-5 किलोचं मांजर तोलण्यासाठी नाही. ते वर बसलं की जाळी मधोमध खाली झुकते, कडेच्या खुंट्या ढिल्या होतात आणि कोपरा उचलला जातो. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं म्हणतात, इथे मांजराच्या आधी सापाचं फावतं. शिवाय केस जाळीतून थेट पाण्याच्या भांड्यात.

खरं भय मात्र दिव्याचं. जाळीवर नुसता ठेवलेला घुमटाकार दिवा मांजराच्या एका धक्क्याने कलंडतो आणि गालिच्यावर पडला तर आग लागते. सिरॅमिक हीटर तर उजेडही देत नाही, त्यामुळे तो तापलाय हे दिसत नाही. त्याचा पृष्ठभाग 200 अंश सेल्सियसच्याही वर जातो, म्हणून होल्डर पोर्सेलीनचाच हवा.

यावर जमणारा उपाय असा: पेटी धातूच्या मांडणीच्या मधल्या फळीवर ठेवा, वर 25-30 सेंटिमीटर मोकळं राहू द्या आणि दिवा वरच्या फळीला साखळीने टांगा. त्या मोकळ्या जागेच्या चारही बाजू अर्ध्या इंची वेल्डेड जाळीने बंद करा. प्लॅस्टिकचे बांधपट्टे दिव्याजवळ वितळतात, तिथे तारच वापरा. मांडणी भिंतीला स्क्रूने आवळा. ओलावा टिकावा म्हणून काही जण जाळीवर टॉवेल किंवा फॉइल पसरतात. मांजराच्या घरात ते नकोच, कारण ओढलेला टॉवेल दिव्यावर जाऊन पडतो.

हीटर चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटचा सेन्सर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. मांजराने वायर ओढली आणि सेन्सर बाहेर आला, की तो खोलीचे 20 अंश मोजतो, पेटी गार आहे असं समजतो आणि हीटर चालूच ठेवतो. आत साप भाजून निघतो. म्हणून वायर बाहेरच्या बाजूला दोन ठिकाणी पक्की करा, जमिनीपर्यंतचा भाग कडक प्लॅस्टिकच्या पन्हळीत घाला, आणि गरम बाजूला वेगळा डिजिटल तापमापक ठेवा. पेटीच्या आत चिकटपट्टी लावू नका. सापाच्या खवल्यांना चिकटली तर सोडवताना कातडी फाटते. कॉर्न स्नेकला गरम टोकाला 30-32 अंश आणि थंड टोकाला 22-24 पुरतात, बॉल पायथनला 31-33 आणि 25-26. साप आणण्याआधी पेटी दोन दिवस रिकामी चालवून हे आकडे बघा, आणि तेवढ्यात मांजर कुठून चढतं तेही.

काच चारही बाजूंनी आरपार, ही विक्रीची बाजू असली तरी सापाची नव्हे. तासन्‌तास टक लावून बसलेलं मांजर म्हणजे त्याच्यासाठी दारात उभा शिकारी. बॉल पायथन एवढ्यावरही अन्न सोडतो. मागची आणि दोन्ही बाजूंची काच बाहेरून गडद कागदाने झाका, समोरच्या काचेच्या खालच्या 10-12 सेंटिमीटरला दुधी फिल्म लावा, आणि गरम-थंड दोन्ही टोकांना अंगाला घट्ट बसेल अशी लपणी ठेवा. काचेवर झडपा, नाकाची कातडी सोलवटणं, नकारलेले उंदीर, अशी लक्षणं दिसली तर पेटीची जागा बदला. मांजराला शिकवत बसण्यापेक्षा दार बंद होणारी खोली बरी.

उंदीर फ्रीजमध्येच झाकणाच्या डब्यात वितळवा. ओट्यावर ठेवलात तर सापाचं जेवण मांजर जेवेल. चिमटा 30 सेंटिमीटरचा घ्या, मांजर त्या वेळी दुसऱ्या खोलीत. सापाचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका, सरपटणाऱ्या प्राण्यांत साल्मोनेला हा जंतू बरेचदा असतो. आणि मांजराचा दात लागलाच, तर जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. मांजराच्या तोंडातला पाश्चुरेला हा जंतू सापाच्या अंगात आतल्या आत पसरतो.

पेटीबरोबर हमखास गळ्यात मारतात तो सापाच्या अंगावरच्या बारीक किड्यांवरचा, म्हणजे माइट्सवरचा फवारा. लेबल वाचा. अमेरिकेत मिळणाऱ्या काही फवाऱ्यांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि ते मांजराला विषारी आहे: त्याच्या यकृताला ते निकामी करता येत नाही. आधी थरथर, मग झटके. कुत्र्याच्या पिसवांवरची काही औषधंही याच जातीची. त्याऐवजी माइट्स खाणारे सूक्ष्म कीटकभक्षी माइट्स विकत मिळतात, चेलेटस एरुडिटस नावाचे. काम सावकाश करतात, पण मांजराला अपाय नाही.

मापाचंही बोलू. 90 सेंटिमीटर पिल्लाला आणि अर्धवाढीच्या सापाला ठीक. पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक सहज 120 सेंटिमीटर भरतो, त्याला 120×60×60 हवी. आणि मोठी पेटी घ्यायचीच असेल तर ब्रिटिश पद्धतीची लाकडी पेटी बघाच. तिचं छत भरीव असतं, हीटर आत छताला तारेच्या पिंजऱ्यासकट स्क्रूने बसतो, वर मांजर दिवसभर झोपलं तरी हरकत नाही. फक्त सरकत्या काचांना पाचर किंवा दातेरी कुलूप लावा आणि आतले सांधे सिलिकॉनने भरा, नाहीतर ओलाव्याने लाकूड फुगतं. दिसायला काचपेटी उजवी, मांजराच्या घरात मात्र लाकडीच.

कुठलीही पेटी घ्या, बोआ किंवा मोठ्या अजगराच्या जातीचा साप आणि मांजराचं पिल्लू एका घरात ठेवू नका. तिथे धोका उलट्या दिशेने असतो.

पुण्या-मुंबईत बसून हे वाचणाऱ्यांसाठी: धामण, नाग, कवड्या, कुठलाही देशी साप पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. घरात शिरलेल्या सापासाठी ही पेटी आणायची नसते, सर्पमित्राला फोन करायचा असतो, आणि तो येईपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत कोंडायचं असतं.